फिश जेनेटिक्समधे करिअर करायचंय? आधी हॅचरी, मग डेटा, मग डीएनए: क्रम चुकवू नका

मत्स्यशेतीतल्या रिसर्चमधे यायचंय असं म्हणणारी बहुतेक मुलं एकाच रस्त्याने येतात. आधी बायोइन्फॉर्मॅटिक्सचा ऑनलाइन कोर्स, मग क्रिस्परवर (जनुकं बदलायचं तंत्र) सेमिनार, मग पीएचडीसाठी ऐंशी प्रोफेसरांना एकच मेल. उत्तर येत नाही, आलं तर इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो की मासा टॅग केलायस का, म्हणजे त्याला ओळखनंबर लावलायस का कधी, आणि तिथेच गाडी अडते. हुशारी कमी असते असं अजिबात नाही, क्रम उलटा झालेला असतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं तो इथे लिहितोय आणि कुठल्या पायरीवर काय बिघडतं तेही.

पायरी १: चारपैकी कुठलं काम हवंय ते आधी ठरवा

फिश जेनेटिक्स हे एकच काम नाही. एक म्हणजे सिलेक्टिव्ह ब्रीडिंग, कुटुंबं (एका जोडीची पिल्लं) बनवायची, वजन आणि रोगप्रतिकार मोजायचा, पुढच्या पिढीचे आईबाप निवडायचे, यात गणित भरपूर. दुसरं जीनोमिक्स, मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा), सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं), कॉम्प्युटरवर दिवस जातो. तिसरं प्रजननाचं तंत्र, म्हणजे ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे तीन संच असलेले मासे), एकलिंगी बीज, वीर्य गोठवून ठेवणं, यात हात सतत ओले. चौथं जंगली साठ्यांचं काम, नदीतला मासा आणि फार्ममधून पळालेला मासा यांचं मिश्रण किती झालंय ते तपासणं.

चारही कामं नंतर एकमेकांत मिसळतात, पण सुरुवातीला एक निवडायला लागतं कारण पुढचा कोर्स, गाइड, मासा सगळं त्यावर ठरतं.

तपासा: त्या कामातला एक माणूस गाठा आणि "स्कोप काय आहे" असं न विचारता "गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत" असं विचारा. तो दिवस ऐकून तुम्हाला तिथे असावंसं वाटलं तर पुढे जा.

पायरी २: एक पूर्ण सीझन हॅचरीत काढा

हॅचरी म्हणजे माशांचं बीज तयार करायची जागा. हीच पायरी सगळे गाळतात. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग करून सर्टिफिकेट घेतात आणि सीव्हीत "हॅचरीचा अनुभव" लिहितात. पूर्ण सीझन म्हणजे ब्रूडर (प्रजननासाठी ठेवलेले मोठे मासे) निवडण्यापासून ते बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टॅग लावण्याएवढी मोठी होईपर्यंत. मधे टाकीचा एअरेटर रात्री बंद पडणार, रोटिफरचं (पिल्लांना खायला घालायचे सूक्ष्म जीव) कल्चर कोसळणार, अंड्यांवर बुरशी येणार, हे सगळं बघायला लागतं कारण पुढे डेटात एखादं कुटुंब विचित्र दिसलं की ते जनुकांमुळे की त्या रात्रीच्या एअरेटरमुळे हे फक्त तिथे असलेल्या माणसाला कळतं.

काय शिकायचं याचं एक उदाहरण जवळून सांगतो. कार्पची मादी स्ट्रिप करायची (पोट दाबून अंडी काढायची) असते तेव्हा तिला ओल्या फडक्यात धरतात, पण पोटाचा खालचा भाग आणि गुदद्वाराभोवतीची जागा पुसून कोरडी करतात. अंगठ्याने पुढून मागे हलका दाब द्यायचा. मादी पिकलेली असेल तर अंडी धार लागल्यासारखी येतात, जोर लावायला लागत असेल तर ती अजून तयार नाही, तिला परत सोडा. भांडं ठणठणीत कोरडं हवं. कारण पाण्याचा थेंब लागला की शुक्रजंतू पळायला लागतात आणि गोड्या पाण्यातल्या कार्पचे शुक्रजंतू जेमतेम मिनिटभर जोरात पळतात, तिकडे अंड्याचं मायक्रोपाइल, म्हणजे शुक्रजंतू आत शिरायचं एकुलतं एक भोक, तेही बंद व्हायला लागतं. म्हणून आधी अंडी, मग वीर्य, मग हलक्या हाताने मिसळणं आणि सगळ्यात शेवटी पाणी.

आता यात जेनेटिक्स कुठे आलं? इथे आलं: चार नरांचं वीर्य एकाच भांड्यात ओतलं तर चौघांची पिल्लं सारख्या संख्येने निघत नाहीत, बऱ्याचदा एकच नर बहुतेक अंडी फलित करून जातो. कागदावर चार बाप, प्रत्यक्षात जवळपास एक. त्यामुळे ब्रीडिंग प्रोग्रॅममधे अंड्यांचे वाटे करून प्रत्येक वाट्याला वेगळा नर देतात. हे पुस्तकात एका ओळीत असतं, पण भांड्यांची रांग, त्यांच्यावरचे नंबर आणि हातात संपत चाललेला वेळ हे एकदा अनुभवलं की डिझाइन कसं करायचं ते डोक्यात बसतं.

तापमानाचा हिशोबही इथेच शिकून घ्या. अटलांटिक सॅल्मनची अंडी उबायला साधारण ५०० डिग्री-डे (पाण्याचे अंश गुणिले दिवस) लागतात, म्हणजे पाणी ८ अंश असेल तर दोन महिन्यांच्या थोडं वर. दोन कुटुंबं वेगळ्या आठवड्यात किंवा वेगळ्या तापमानाला उबवली की वयाचा फरक पडतो आणि नंतर तो फरक वजनात दिसून लोकांना वाटतं की हे कुटुंब भारी आहे.

इशारा: हॅचरीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात "मी रिसर्चसाठी आलोय" म्हणून बाजूला उभं राहू नका. टाक्या घासा, खाद्य घाला, मेलेली पिल्लं मोजा. रोजची मर मोजणाऱ्याच्या वहीत जे असतं ते कुठल्याच पेपरमधे नसतं.

पायरी ३: टॅग, सॅम्पल आणि वही

या क्षेत्रातलं सगळ्यात महाग नुकसान लॅबमधे होत नाही, ते टाकीच्या कडेला नंबर चुकीचा लिहिल्यामुळे होतं. म्हणून थोडं सविस्तर.

पिल्लं टॅग लावण्याएवढी होईपर्यंत प्रत्येक कुटुंब वेगळ्या टाकीत ठेवायला लागतं. मग पिट टॅग, स्कॅनरने वाचता येणारा नंबर असलेली, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखी काचेची नळी, साधारण १२ मिलिमीटरची, सुईने पोटाच्या पोकळीत सोडायची. मासा १०–१५ ग्रॅमचा झाला की सहसा सहन करतो. टॅगनंतर सगळी कुटुंबं एकत्र वाढवायची म्हणजे टाकीचा परिणाम वेगळा काढता येतो. तरीही पहिले काही महिने वेगळ्या टाकीत गेल्याचा ठसा राहतोच, तो मॉडेलमधे धरायला लागतो.

टॅगचा नंबर १५ आकडी असतो आणि इथे एक्सेल घात करतं. एक्सेल तो नंबर छोटा करून दशांशाच्या रूपात दाखवतं, तुम्ही फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात आणि तीनशे माशांचा एकच नंबर होऊन बसतो. नंबर टाकायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करा. आधी, नंतर नाही.

डीएनएसाठी शेपटीच्या पराचा छोटा तुकडा पुरतो, नखाच्या चतुर्थांशाएवढा. तो ९५ टक्के एथेनॉलमधे टाका, एथेनॉल तुकड्याच्या कितीतरी पट हवं, नाहीतर तुकड्यातलं पाणी एथेनॉल पातळ करतं आणि डीएनए तुटतो. दुसऱ्या दिवशी एथेनॉल बदललं तर आणखी चांगलं. फॉर्मॅलिनमधे चुकूनही टाकू नका, त्याने डीएनए असा जखडतो की पुढे हाती फारसं लागत नाही.

माझ्या पहिल्या सॅम्पलिंगला मी ट्यूबवर साध्या मार्कर पेनने नंबर लिहिले होते. दोन झाकणं नीट बसली नव्हती, एथेनॉल झिरपलं आणि खोक्यातल्या पहिल्या दोन रांगांवरची शाई पूर्ण गेली. मासे तोपर्यंत परत तळ्यात होते. तेव्हापासून ट्यूबच्या आत कागदाची पट्टी, त्यावर पेन्सिलने नंबर, बाहेर लेबल वेगळं. पेन्सिलला एथेनॉल काही करत नाही.

सॅम्पलिंगच्या दिवशीचा क्रम असा ठेवा:

मासा भूल दिलेल्या पाण्यात (ट्रायकेन किंवा लवंगेचं तेल, डोस प्रजाती आणि तापमान बघून) → टॅग स्कॅन → नंबर मोठ्याने वाचणं → लिहिणाऱ्याने तो परत मोठ्याने वाचणं → वजन → लांबी → पर → कात्री पुसून निर्जंतुक → मासा ताज्या पाण्यात.

कात्री प्रत्येक माशानंतर. दहा माशांनंतर पुसली तर दहा माशांचा डीएनए एकमेकांत गेला.

इशारा: प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिक समितीची परवानगी बहुतेक ठिकाणी लागते आणि ती सॅम्पलिंगच्या आधी लागते. नंतर पेपर पाठवताना जर्नल परवानगीचा नंबर मागतं तेव्हा मागची तारीख टाकून मिळत नाही.

तपासा: संध्याकाळी घरी जायच्या आधी मोजा. वहीतल्या ओळी, ट्यूब आणि टाकीत परत गेलेले मासे, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर त्याच दिवशी शोधा, उद्या कोणालाच आठवत नाही.

पायरी ४: गणित, पण योग्य गणित

मशीन लर्निंग नंतर. आधी तीन गोष्टी हाताने सोडवता आल्या पाहिजेत.

पहिली, निवडीचा परिणाम. पिढीतला फायदा म्हणजे हेरिटेबिलिटी (गुणातल्या फरकाचा जनुकांमुळे येणारा वाटा) गुणिले निवडलेल्या आईबापांची सरासरीपेक्षा असलेली आघाडी. तळ्यातली सरासरी ४०० ग्रॅम, निवडलेल्यांची ५००, म्हणजे आघाडी १००. हेरिटेबिलिटी ०.३ असेल तर पुढच्या पिढीला ३० ग्रॅम मिळतील, सरासरी ४३०. नवीन मुलं ५०० ची अपेक्षा धरतात. वाढीसाठी माशांत हेरिटेबिलिटी बहुधा ०.२ ते ०.४ मधे असते आणि चांगल्या चाललेल्या प्रोग्रॅममधे एका पिढीला १०–१५ टक्के वाढ मिळते, हा खरं तर गायीगुरांच्या तुलनेत फारच मोठा वेग आहे.

दुसरी, इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन. कार्पसारख्या माशाची एक मादी लाखांनी अंडी देते, त्यामुळे दोनचार जोड्यांवर आख्खी हॅचरी चालते आणि तिथेच वाट लागते. प्रभावी संख्या (जनुकांच्या हिशोबाने खरोखर किती मासे धरायचे) काढायची रीत: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. ५० माद्या आणि ५ नर घेतले तर उत्तर ५५ येत नाही, १८ येतं. इनब्रीडिंगचा वेग म्हणजे एक भागिले या संख्येची दुप्पट, म्हणजे पिढीला सुमारे २.७५ टक्के. त्याऐवजी २५ नर आणि २५ माद्या घेतल्या, मासे कमी, तरी प्रभावी संख्या ५० आणि वेग १ टक्का. हे गणित कागदावर चारपाच वेळा करून बघा, मग कुठलीही हॅचरी बघताना आधी नर किती असं तोंडातून आपोआप निघेल.

तिसरी, ब्लप. कुटुंबाची सगळी माहिती वापरून प्रत्येक माशाचं ब्रीडिंग व्हॅल्यू, म्हणजे तो पुढच्या पिढीला जनुकांतून काय देईल त्याचा अंदाज, काढायची पद्धत. आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा शिका, त्यात एक छोटी पेडिग्री, म्हणजे वंशावळ, वीसपंचवीस माशांची, स्वतः टाइप करा आणि नात्यांचं मॅट्रिक्स हाताने पडताळा. मग ब्लपएफ९० सारखी सॉफ्टवेअर वापरा. थेट सॉफ्टवेअरवर गेलात तर ते उत्तर नेहमीच देतं, चुकीच्या पेडिग्रीवर पण देतं.

नेहमीची चूक: कंट्रोल न ठेवणं. पाच पिढ्यांनंतर मासे मोठे झाले, पण त्याच काळात खाद्यही सुधारलं, एअरेटरही नवे आले. न निवडलेला एक गट शेजारी वाढवला नसेल तर जनुकांमुळे किती आणि खाद्यामुळे किती ते सांगता येत नाही. दुसरी चूक म्हणजे एकाच तळ्यात निवड करून तो मासा सगळीकडे चालेल असं धरणं, वेगळ्या पाण्यात कुटुंबांचा क्रमच बदलू शकतो.

पायरी ५: आता डीएनए

इथपर्यंत आलात तर लॅबचं काम सोपं वाटेल कारण कशासाठी करतोय ते माहीत असतं. डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं), जेल (डीएनएचे तुकडे वेगळे करून बघणं) हे कुठल्याही बऱ्या लॅबमधे दोन महिन्यांत हातात बसतं. मग मायक्रोसॅटेलाइट आणि एसएनपी या दोन प्रकारच्या मार्करमधला फरक, पालकत्व तपासणं, प्लिंक या सॉफ्टवेअरमधे डेटा साफ करणं.

माशांची एक खोड आधीच माहीत असू द्या. अस्थिमत्स्यांच्या बहुतेक सगळ्या वंशांत आख्ख्या जीनोमचं दुपटीकरण झालेलं आहे, आणि सॅल्मन, ट्राऊट, कॉमन कार्प यांच्यात त्यानंतर अजून एकदा. म्हणजे एका जनुकाच्या जुळ्या प्रती असतात. उंदरासाठी लिहिलेली पद्धत उचलून प्राइमर (डीएनएची नेमकी जागा पकडणारा छोटा तुकडा) बनवला तर तो दोन्ही प्रतींना चिकटतो आणि तुम्हाला असे हेटेरोझायगोट (एका जागी दोन वेगळ्या प्रती असलेले मासे) दिसतात जे मुळात नाहीतच. सगळेच्या सगळे मासे हेटेरोझायगोट निघाले तर आनंद मानू नका, प्राइमर तपासा.

लिंगनिश्चितीही गृहीत धरू नका. नाइल तिलापियात एक्सवाय पद्धत, त्याच्याच जवळच्या निळ्या तिलापियात झेडडब्ल्यू (तिथे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं मादीत असतात), आणि वर तापमानाचाही परिणाम.

मार्करकडून किती अपेक्षा ठेवायची? अटलांटिक सॅल्मनमधे आयपीएन या विषाणूरोगाविरुद्धच्या प्रतिकाराचा बराच मोठा भाग जीनोमच्या एकाच जागेवर सापडला, स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या गटांनी २००८ च्या सुमारास तो दाखवला, ब्रीडिंग कंपन्यांनी त्यावर अंडी निवडायला सुरुवात केली आणि रोगाच्या साथी खूप कमी झाल्या. हे उदाहरण सगळे शिकवतात आणि ते खरंच सुंदर आहे, पण ते अपवाद आहे. बहुतेक गुण शेकडो जागांवर थोडे थोडे पसरलेले असतात, तिथे एक मार्कर शोधत बसण्यापेक्षा जीनोमिक सिलेक्शन (आख्ख्या जीनोमवरचे मार्कर एकत्र धरून निवड) चालतं. "माझ्या पीएचडीत वाढीचं जनुक शोधणार" असं प्रपोजलमधे लिहू नका.

पायरी ६: डिग्री आणि गाइड

बॅचलर फिशरीज, झूलॉजी, बायोटेक, पशुवैद्यक, स्टॅटिस्टिक्स कशातही चालते, फक्त कमी असलेली बाजू मास्टर्समधे भरून काढा. फिशरीजवाल्यांनी गणित, बायोटेकवाल्यांनी हॅचरी. जागा जगभर आहेत: नॉर्वेत नोफिमा आणि ऑसचं जीवविज्ञान विद्यापीठ, नेदरलँड्समधे वागेनिंगन, स्कॉटलंडमधे स्टर्लिंगचं मत्स्यसंवर्धन केंद्र आणि एडिनबरोजवळची रोझलिन इन्स्टिट्यूट, अमेरिकेत कॅटफिशसाठी ऑबर्न, मलेशियात वर्ल्डफिश, ऑस्ट्रेलियात जेम्स कुक, भारतात जयंती रोहू ही सुधारित जात काढणारी भुवनेश्वरची सीफा आणि मुंबईची सीआयएफई.

पण नावापेक्षा एक हिशोब महत्त्वाचा, पिढीचा कालावधी. सॅल्मनला एका पिढीला ३–४ वर्षं लागतात, तिलापियाला वर्षाच्या आत, झेब्राफिशला तीनेक महिने. तुमची पीएचडी ३–४ वर्षांची. म्हणजे सॅल्मनमधे तीन पिढ्यांची निवड करून दाखवेन असं प्रपोजल मुळातच अशक्य आहे आणि तरी ते लिहिलं जातं. मोठ्या कालावधीचा मासा हवा असेल तर जिथे आधीच अनेक पिढ्यांचा डेटा पडलाय असा गट शोधा. तिलापियाची गिफ्ट जात १९८८ पासून चालू झालेल्या कामातून आली, इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून आणलेल्या जंगली माशांचे आणि आशियातल्या चार पाळीव वाणांचे संकर करून. असा साठा कोणी पीएचडीच्या काळात उभा करू शकत नाही, त्यावर काम करायला मात्र मिळू शकतं.

मेल लिहिताना: त्या माणसाचे दोन पेपर पूर्ण वाचा, पद्धतीचा भाग सुद्धा, आणि त्यातून खरोखर पडलेला एक प्रश्न विचारा. स्वतःबद्दल तीन ओळी, त्यात किती मासे टॅग केले, कुठली पेडिग्री हाताळली हे आकड्यात. "मला लहानपणापासून माशांची आवड" हे वाक्य काढून टाका, आवड त्या आकड्यांत दिसते.

गाइडला हो म्हणायच्या आधी विचारा:
- जिवंत मासे लॅबच्या ताब्यात आहेत की दुसऱ्याकडून मागायला लागतात?
- डेटा कंपनीचा असेल तर पेपर छापायला परवानगी लेखी आहे का?
- सॅम्पल दुसऱ्या देशातून येणार असतील तर नागोया करारानुसारची (दुसऱ्या देशातले जैविक नमुने वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं झालीत का?
- आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? हे गाइडला नाही, विद्यार्थ्यांना विचारा.

माझ्या ओळखीतल्या एकीचं पूर्ण दीड वर्ष फक्त सॅम्पल कस्टम्समधे अडकल्यामुळे गेलं, कागद एकच कमी होता. ती आजही म्हणते की हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला हवा होता.

पायरी ७: पहिली नोकरी

ब्रीडिंग कंपन्या, उदाहरणार्थ नॉर्वेची ॲक्वाजेन किंवा नेदरलँड्सची हेंड्रिक्स जेनेटिक्स, सरकारी संस्था, विद्यापीठं, कोळंबीच्या ब्रूडस्टॉक (बीजासाठी लागणारे आईबाप) कंपन्या. पीएचडीशिवायही दारं आहेत, ब्रीडिंग टेक्निशियन आणि डेटा मॅनेजर या जागांवर चांगली माणसं टिकवणं कंपन्यांना जड जातं आणि तिथून वर जाता येतं.

इंटरव्ह्यूत बऱ्याचदा एक घाणेरडी फाइल हातात देतात. त्यात एकच टॅग दोनदा, बापापेक्षा आधी जन्मलेलं पोर, ४५ ग्रॅमच्या जागी ४५० असं काहीतरी मुद्दाम किंवा खरोखर असतं. लगेच मॉडेल चालवायला घेऊ नका. आधी वजनाचा हिस्टोग्राम काढा, मग टॅग दोनदा आलेत का बघा, मग प्रत्येक पोराची जन्मतारीख आईबापाच्या तारखेशी ताडून बघा. शंका वाटलेली ओळ खोडू नका, शेजारी नवा कॉलम करून कारण लिहा आणि मूळ फाइल आहे तशी वेगळी ठेवा. माझ्या वेळी समोर बसलेल्या बाईंनी माझं मॉडेल उघडलंच नाही, फक्त तो कारणांचा कॉलम वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं की सोमवारपासून येता येईल का.